वाचनकक्षातलं वायफाय

बायकोचं तेरावं झाल्यावर मी पुन्हा कामावर गेलो. सहीसाठी थांबलेल्या कागदांत एका समितीच्या बैठकीची सूचना होती. विद्यापीठाच्या वायफायचं कंत्राट संपत आलं होतं. जुनीच कंपनी ठेवायची की नवी आणायची, हे ठरवायचं होतं. वायफाय सगळ्यांत जास्त वापरलं जातं ते ग्रंथालयात, म्हणून ग्रंथपाल या नात्याने मी समितीवर होतो. शेवटी सदस्य-सचिव म्हणून संगणक केंद्राच्या प्रमुखांचं नाव छापलेलं होतं. ते माझ्या बायकोचं नाव होतं. कुणीतरी जुन्याच सूचनेवर नवी तारीख घातली असावी. मी सही केली आणि कागद पुढच्या ट्रेमध्ये ठेवला.

विद्यापीठात वायफाय आणलं तेच मुळी तिने. वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या कंपनीला हाताशी धरून तिने सगळ्या मजल्यांवर छताला पांढरी गोल यंत्रं बसवून घेतली होती. त्यांना ती थाळ्या म्हणायची. माझ्या वाचनकक्षात इतर कुठल्याही खोलीपेक्षा जास्त थाळ्या लागल्या, कारण तिथले लोखंडी रॅक आणि त्यांत खच्चून भरलेले ग्रंथ.

"अरे, तुझी पुस्तकं माझा सिग्नल खातात," ती म्हणायची.

"कुणी वाचत नाही ना त्यांना. उपाशी असतात."

हा विनोद आम्ही कितीतरी वर्षं वापरला. दोघांनाही तो पुरत असे.

बैठकीत दोघं जुन्या कंपनीच्या बाजूने होते, दोघं नवीच्या. जुनीच्या बाजूला संगणक केंद्राची प्रभारी होती. तिला बायकोने हाताखाली घेऊन तयार केलं होतं, आणि आता ती तिच्याच खुर्चीवर बसत होती. नवीच्या बाजूने विज्ञान शाखेचे एक प्राध्यापक बोलत होते. अध्यक्ष माझ्याकडे न बघता म्हणाले, "सरांचं मत आपण धरूनच चालू या. मॅडमनी उभं केलेलं काम आहे. त्यांना हेच आवडलं असतं."

"आवडलं असतं हो, पण माझ्या वर्गात पोरं खिडकीबाहेर मोबाइल फिरवत उभी असतात, त्याचं काय? रेंजची आरती चालते रोज." प्राध्यापकांचं माझ्याकडे लक्ष गेलं आणि त्यांनी आवाज खाली आणला. "सॉरी, सर."

कुणीतरी बिस्किटांची बशी माझ्यापुढे सरकवली. त्या दिवसांत लोक माझ्यापुढे सतत काहीतरी सरकवत असत. मी एक बिस्किट घेतलं. ते चहात बुडवायचं की तसंच खायचं, हे मला ठरवता येईना. "आधी तपासून बघू," मी म्हणालो.

नव्या कंपनीने वाचनकक्षाच्या खिडकीकडच्या अर्ध्या भागात आपल्या थाळ्या लावून दिल्या. दाराकडच्या अर्ध्या भागात जुन्या राहिल्या. सुट्टी चालू होती, हॉल रिकामा होता. दोन्हीकडे रेंज भरून आली.

"बघा सर, आपलं जुनंसुद्धा नव्याइतकंच चालतंय. मग बदलायचं कशाला?" प्रभारीचा चेहरा उजळला होता.

मला पहिल्या वेळची तपासणी आठवली. तेव्हाही सुट्टीच होती. बायकोने कँटीनमधून वडापाव मागवले होते, त्यांच्या लोभाने हॉस्टेलची मुलं गोळा केली होती आणि हॉल भरल्यावरच मोजमाप घेतलं होतं. ती म्हणाली होती, "माणसात पाणीच जास्त. पाणी हा सिग्नल पिऊन टाकतं. रिकाम्या हॉलमध्ये कुठलंही यंत्र हुशार असतं."

"परीक्षा सुरू झाल्या की पुन्हा बघू," मी म्हणालो. प्रभारीने माझ्याकडे बघून मान हलवली. मॅडमच्या कामासाठी मी वेळ मिळवतोय, असं तिला वाटलं. मला काय वाटत होतं ते मी शोधून पाहिलं. काही सापडलं नाही.

एका रविवारी वागळे इस्टेटचा कंपनीवाला डोंबिवलीला माझ्या घरी भेटायला आला. पिशवीत पपई होती. ती कुठे ठेवावी हे त्याला कळेना, शेवटी त्याने ती चपलांच्या रॅकवर ठेवली.

"सर, मी हॉस्पिटलला आलेलो. वर सोडलं नाही."

"हो. कुणालाच सोडत नव्हते."

"मॅडम आमच्या गुरू होत्या, सर. त्याआधी आम्ही सोसायट्यांचे सीसीटीव्ही लावायचो. पहिलं मोठं काम त्यांनी दिलं. वर शिव्यापण त्यांनीच दिल्या." तो थोडा हसला. "एक वायर तिरकी दिसली की अख्खी काढायला लावायच्या. म्हणायच्या, तुमच्या घरी चित्रं अशीच लावता का?" मग तो जमिनीकडे बघत म्हणाला, "हे काम गेलं तर हाताखालच्या पोरांना काय सांगू, तेच कळत नाही. पण मी त्यासाठी नाही आलो, सर."

तो त्यासाठीही आला होता, आणि दुसरं सगळंही खरं होतं. मी पाणी आणलं. बोलायला विषय नव्हता म्हणून त्याने घर पाहिलं. टीव्हीच्या मागच्या खणात आमचा राऊटर होता.

"हे काय, सर? मॅडमच्या घरी राऊटर असा कोंडून?"

"दिसायला नको, म्हणायची. दिव्याखाली अंधार."

"स्वयंपाकघरात रेंज जात नसेल."

"जात नव्हती. पाहुणे होते तेव्हा तर बाहेरच्या खोलीतसुद्धा नसायची. आता जाते. अगदी खिडकीपर्यंत."

"हां, माणसं कमी झाली की..." तो म्हणाला आणि थांबला. त्याने पाण्याचा ग्लास पुन्हा उचलला. ग्लास रिकामा होता.

आमच्याकडे दुखवट्याच्या घरातून निघताना 'येतो' म्हणत नाहीत. पुन्हा तशाच कारणाने यावं लागू नये, म्हणून. माणसं मुकाट्याने उठतात, चपला घालतात आणि जातात. घरच्यांनीही 'या' म्हणायचं नसतं. इतक्या दिवसांत मला या रीतीची सवय झाली होती, आणि ती सोयीचीही होती. तो लिफ्टपाशी पोचला आणि सवयीने म्हणाला, "येतो, सर." लगेच त्याने जीभ चावली. लिफ्ट येईपर्यंत आम्ही दोघं तसेच उभे राहिलो.

परीक्षा सुरू झाल्या आणि वाचनकक्ष भरला. खुर्च्या पुरेनात, मुलं रॅकांच्या मध्ये जमिनीवर बसू लागली. दिवा स्टेशनहून लोकलने येणारी एक मुलगी रोज दार उघडायच्या आधी येऊन उभी राहायची. घरी अभ्यासाला कोपरा नाही, शिवाय पाणी आलं की सगळं सोडून उठावं लागतं, असं तिने एकदा सांगितलं होतं. दुपारी ती माझ्या टेबलाशी आली.

"सर, दाराकडचं नेट परत गेलं. खिडकीकडचं चालतंय, पण तिकडे जागाच नाही."

कुठली थाळी कुणाची, हे तिला माहीत नव्हतं. मी फोन घेऊन दोन्हीकडे फिरलो. खिडकीकडे पानं हळू, पण उघडत होती. दाराकडे ते गोल चक्र फिरत होतं, आणि बऱ्याच मुलांनी फोन पालथे ठेवून दिले होते. मी प्रभारीला बोलावलं. तिने दाराकडची यंत्रणा बंद करून पुन्हा सुरू केली. थोडा वेळ चाललं, पुन्हा गेलं. दुसऱ्या दिवशी तेच झालं, तिसऱ्या दिवशीही.

"गर्दी आहे म्हणून, सर," ती म्हणाली.

"गर्दीसाठीच आहे ना ते?"

ती छताकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मॅडम असत्या तर त्यांनी काढून टाकलं असतं?"

"माहीत नाही."

मला खरंच माहीत नव्हतं. बायकोला त्या थाळ्यांचा अभिमान होता. आणि घरातलं जुनं सामान ती मला न विचारता देऊन टाकायची, हेही खरं. कुठलंही उत्तर दिलं असतं तरी ते तिचं म्हणून खपलं असतं. तिला कुठली साडी नेसवायची, अस्थी कुठे सोडायच्या, फोटो कुठला लावायचा, या सगळ्याची उत्तरं आम्ही तिच्या वतीने देऊन झालो होतो. हे एक तरी मला तिच्या तोंडी घालायचं नव्हतं.

पुढच्या बैठकीत अध्यक्षांनी विचारलं, "सर, मग जुनंच ना?"

"नाही. बदलावं," मी म्हणालो. "हॉल भरल्यावर जुनं टिकत नाही."

प्राध्यापक जिंकले होते, पण त्यांनी काही आनंद दाखवला नाही. प्रभारीने हे लिहून घेतलं. तिचं पेन मध्येच थांबलं आणि पुन्हा चालू लागलं. मला दुःख होईल असं वाटलं होतं. बाहेर आलो तर फक्त भूक लागली होती.

पुढच्या सुट्टीत जुन्या थाळ्या उतरवल्या. वागळे इस्टेटचा माणूस स्वतः आला. एकेक वायर सरळ गुंडाळून खोक्यात ठेवत होता. मी जवळ उभा राहिलो, कारण कुणीतरी उभं राहायला हवं होतं.

"पोरांचं काय?" मी विचारलं.

"पुन्हा सोसायट्या. सीसीटीव्हीला मरण नाही, सर." एक थाळी त्याने रुमालाने पुसली. "ही घरी नेता का? आठवण म्हणून. विद्यापीठाला विचारतो मी."

"नको."

त्याने ती इतरांबरोबर ठेवली. खोकी खाली गेली. वायफायच्या नियंत्रण-खोलीच्या किल्ल्या त्याने माझ्या हातात दिल्या, हात जोडले, चपला घातल्या आणि जिन्याकडे वळला. निघताना तो काहीच म्हणाला नाही.

तो वळणावर पोचला तेव्हा ते माझ्या लक्षात आलं.

"या हं," मी मोठ्याने म्हणालो. वाचनकक्षात इतक्या मोठ्याने मी कधी बोललो नव्हतो.

तो थांबला. वर बघून म्हणाला, "येतो, सर."