गगनरावांच्या बायकोचा चेहरा

जयमालाने त्या दिवसांत सोसायटीतल्या जवळजवळ प्रत्येक बाईवर संशय घेतला, एक मला सोडून. तिचं स्वयंपाकघर आणि माझा हॉल यांच्यामध्ये एकच भिंत. रोज संध्याकाळी आम्ही दोघी बागेत फेऱ्या मारायला बरोबर जातो. तिच्या नवऱ्यासाठी मी वर्षानुवर्षं वाटीतून काही ना काही पाठवत आलेय. नाकीडोळी मी अगदीच अशी-तशी नाही. तरी तिच्या डोक्यात माझं नाव म्हणून आलं नाही. 'श्रुती, तुझ्यावर माझा विश्वास आहे,' असं ती म्हणते. तो विश्वास मला अजून टोचतो.

पण गोष्ट तिची आहे, तिचीच सांगते. जयमाला मूळची चिपळूणची. लग्न होऊन सानपाड्याला आली आणि इथलीच झाली. वाशीला एका दातांच्या डॉक्टरकडे रिसेप्शनवर बसते. तिथे दिवसभर पेशंटशी गोड बोलावं लागतं, त्यामुळे तिचं खरं बोलणं घरी येऊन होतं. ते ऐकण्यासारखं असतं. ओट्याशी उभी राहून, कुकरच्या शिट्टीला न जुमानता ती एकटी तासभर बोलू शकते. समोर कुणी असलंच पाहिजे असं काही नाही. मला तसं बोलता आलं असतं तर मी आज कुठल्या कुठे असते.

नवरा अरविंद बरोब्बर उलटा. तुर्भ्याला एका कंपनीत बिस्किटांच्या पुड्यांची आणि चहाच्या डब्यांची चित्रं करतो. घरी आला की हॉलमध्ये खिडकीशी त्याचं टेबल, तिथे स्वयंपाकघराकडे पाठ करून बसायचं आणि चित्रं काढायची. काही विचारलं तर 'हूं', नाही विचारलं तर तेवढंही नाही.

त्या टेबलावर गगनराव जन्माला आले. गगनराव उडतात, बस उचलतात, आगीत शिरतात, पण राहतात सानपाड्यातच, आमच्यासारख्याच सोसायटीत. खरी मजा सगळी नंतरची. पोराला वाचवायला ते गच्चीवर उतरतात, तर वॉटरप्रूफिंगला तडा जातो, खालच्या फ्लॅटच्या छताला ओल येते आणि कमिटी नोटीस काढते. बस उचलली की कंबर धरते, मग आठवडाभर पट्टा आणि शेक. संकटं नेमकी ड्यूटीच्या वेळात येतात, म्हणून ऑफिसात अंगठ्याच्या मशीनवर कायम उशीर आणि अर्ध्या दिवसाची रजा कापलेली. पावसाळ्यात पाठीवरचा तो लाल केप वाळत नाही, त्याला कुबट वास सुटतो आणि चोर हात वर करायच्या आधी नाक दाबतो. अरविंद-जयमालाच्या पुण्याला नोकरी करणाऱ्या लेकीने, मैत्रीने, हे फोनवर टाकायला सुरुवात केली. दर शुक्रवारी एक भाग. बघता बघता हजारो लोक वाट बघायला लागले.

ते वाट बघायचे ती गगनरावांची नव्हे, त्यांच्या बायकोची. शर्मिला तिचं नाव. गगनराव धूर खाऊन, कपडे फाडून घरी आले की ती तोंड उघडायची. 'जग वाचवून येताना गॅसवाल्याला फोन करा.' 'एवढा मोठा लाल पडदा गॅलरीत कुणाचा, असं लोक विचारतात. मी काय सांगू?' लोक ही वाक्यं एकमेकांना पाठवायचे. आमच्या डॉक्टरांच्या दवाखान्यातसुद्धा एक चिकटवलं होतं.

वाक्यं सगळी जयमालाची. मला ती आधीच ठाऊक असायची, भिंत आहे ना मध्ये. पडद्याचं वाक्य तिने अरविंदच्या रेनकोटवरून काढलं होतं. आधी ती खूश होती. 'अख्खा महाराष्ट्र माझं बोलणं ऐकतोय गं,' असं फेऱ्या मारताना मला ऐकवायची आणि माझा नुसता जळफळाट व्हायचा. मीही मग त्यांच्याकडे गेले की अरविंदला ऐकू जाईल अशा बेताने दोन-चार चुरचुरीत वाक्यं टाकून बघितली. एकही घेतलं नाही त्याने.

दिवाळीच्या फराळाला बायका जमल्या होत्या. तिसऱ्या मजल्यावरच्या गीतांजलीने, ती योगाचे क्लास घेते, चकली मोडता मोडता म्हटलं की जयमालाताई, बोलणं तुमचं आहे हे कळतं, पण शर्मिला दिसायला तुमच्यासारखी नाही. अरविंददादांनी कुणावरून काढलीय?

जयमाला हसली, पण तिची चकली ताटलीत तशीच राहिली. घरी जाऊन तिने सगळे भाग पहिल्यापासून बघितले. शर्मिलाची डावी भुवई सदा वर चढलेली, नाकाचा शेंडा बसका, खालचा ओठ जरा पुढे. जयमालाचं नाक सरळ, भुवया रेखीव, ओठ पातळ. म्हणजे शब्द हिचे आणि चेहरा दुसरीचाच. आणि चेहरा नुसता काढलेला नव्हता, रागावलेला, वैतागलेला, हसू दाबणारा, सगळ्या बाजूंनी बघितलेला होता. असा चेहरा माणूस जवळून आणि पुष्कळ दिवस बघतो तेव्हाच काढता येतो, असं तिचं म्हणणं. मला ते पटलं. नवऱ्याला सरळ का विचारत नाहीस म्हटलं, तर म्हणाली, ते हूं म्हणतील.

मग संक्रांत आली. एरवी जयमाला आमच्या मजल्यापुरतं हळदीकुंकू करते, यंदा अख्ख्या सोसायटीला बोलावणं केलं. वाण म्हणून स्टीलच्या गाळण्या आणल्या. बायका नटूनथटून आल्या. जयमाला एकेकीला खिडकीजवळ उभी करायची, कुंकू लावताना हनुवटीला बोट लावून चेहरा उजेडाकडे वळवायची आणि डोळे बारीक करून बघायची. किती मायेने लावते, असं सगळ्या म्हणत होत्या. गीतांजलीला तर तिने दोनदा कुंकू लावलं, नाक नीट दिसलं नव्हतं म्हणून. मला मात्र न बघताच बोट टेकवलं आणि म्हणाली, तू आत जाऊन जरा तिळगूळ बघ गं.

सगळ्यात शेवटी रंजिता आली. रंजिता दिवाळे गावची कोळीण, रविवारी सकाळी आमच्या गेटपाशी मासे घेऊन बसते. जयमालाने तिलाही आवर्जून बोलावलं होतं. भाव करताना तिची भुवई चढते ती आम्ही सगळ्यांनी बघितलेली, फक्त लक्षात घेतलेली नव्हती. नाक बसकं. ओठ पुढे. आणि रविवारी पिशवी घेऊन खाली कोण जातो, तर अरविंद. घरात मान वर करून न बघणारा माणूस पापलेटाचे कल्ले उघडून बघत अर्धा तास तिथे उभा असतो. सगळं जुळलं. जयमालाचं बोट रंजिताच्या कपाळावर असं दाबलं गेलं की कुंकू भुवईपर्यंत आलं.

त्यानंतरच्या रविवारपासून त्यांच्या घरात मासे बंद. पिठलं, मुगाचं बिरडं, पुन्हा पिठलं. अरविंद रत्नागिरीचा माणूस, पण एक अक्षर न बोलता जेवायचा. जयमाला आतल्या आत धुमसायची आणि तिचं ओट्याशी बोलणं इतकं धारदार व्हायचं की मी टीव्हीचा आवाज कमी करून ऐकायची. तिला तिकडे रंजिताचा मत्सर, आणि मला? माझ्या धास्तीने कुणी बाई मासे सोडणार नाही, एवढंच मला वाटत होतं.

रंजिताने मला गेटवर थांबवलं. "वैनी, त्या जयमालावैनी म्हावरा का घेत नाय आता? माझा काय चुकला हाय का?" बिचारीचा चेहरा उतरला होता. मी म्हटलं, उपास धरलाय. दुसरं काय सांगणार?

आणि शुक्रवारी नवा भाग आला. गगनरावांच्या घरी मासे बंद. गगनरावांना भिंतीपलीकडचं दिसतं, समुद्राच्या तळाचं दिसतं, पण आपल्या ताटात पिठलं का आलं ते काही केल्या दिसत नाही. शर्मिला भुवई चढवून वाढतेय. लोकांनी तो भाग डोक्यावर घेतला.

जयमाला फोन घेऊन माझ्याकडे आली. चपलाही घातल्या नव्हत्या.

"माझं जळणंसुद्धा यांनी वापरलं," ती म्हणाली. "आणि जळायला तोंड दिलं तिचं."

एवढी वर्षं मी तिला ओळखते, तिचा आवाज तसा फुटलेला कधी ऐकला नव्हता. तोपर्यंत मलाही हे सगळं गमतीचं वाटत होतं. तिला मासे, रंजिता, लोक, कशाचंच काही पडलं नव्हतं. या माणसाच्या डोळ्यांपुढे आपण आहोत की नाही, एवढंच तिला कळायला हवं होतं, आणि नाही असं उत्तर मिळालं तर पुढे काय, हे तिला माहीत नव्हतं. शनिवारी दुपारी ती त्याला विचारायला निघाली तेव्हा मला हाताला धरून बरोबर नेलं.

अरविंद टेबलाशी होता. तिने फोन त्याच्या पुढ्यात ठेवला आणि चेहरा कुणाचा ते विचारलं. तो म्हणाला, शर्मिलाचा. तिने पुन्हा विचारलं. त्याला खरंच काही कळेना. मग कळलं, तेव्हा त्याने खणातून दाढीचा आरसा काढला, पुस्तकाला टेकवून उभा केला, त्यात बघून डावी भुवई चढवली आणि खालचा ओठ पुढे काढला.

शर्मिला! फक्त टिकली नव्हती.

चित्रं काढणारे बहुतेक असंच करतात म्हणाला. हवा तो भाव आरशात करायचा आणि कागदावर उतरवायचा. गगनराव तोच, चोर तोच, नोटीस देणारा सेक्रेटरीही तोच. घरात चित्रासाठी फुकट बसायला दुसरं कोण आहे? मला हसू आवरेना. बिचाऱ्या रंजिताचं तीन आठवड्यांचं गिऱ्हाईक या नाकापायी गेलं होतं. जयमाला मात्र हसली नाही.

"मग माझा का नाही काढलात?"

अरविंदने आरसा पालथा घातला.

"दोनदा बसलो काढायला," तो म्हणाला. "तुझा आवाज डोळे मिटले तरी येतो. चेहरा लग्नातला येतो. आत्ताचा येतच नाही."

मी तिथून निघून जायला हवं होतं. गेले नाही. जयमाला दिवाणाच्या कडेवर बसली आणि फोनवरच्या त्या चेहऱ्याकडे बघत राहिली. "मलाही तुमचा ओळखू आला नाही," ती हळू म्हणाली. "अख्खी सोसायटी बघितली मी. रोज समोर जेवायला बसता, आणि तुमचं नाक मी दुसऱ्या बायकांच्या तोंडावर शोधत होते."

मग ती उठली आणि टेबलाचं एक टोक धरून ओढायला लागली. अरविंदने दुसरं धरलं. टेबल जुनं सागवानी, फरशीवर लांबलचक चरा पडला आणि लगेच खालच्या फ्लॅटमधून फोन आला. तोंड स्वयंपाकघराकडे करून टेबल बसलं तेव्हा दोघंही धापा टाकत होती.

त्याचा परिणाम असा झाला की जयमाला गप्प झाली. अरविंद मान वर करून बघतो म्हटल्यावर तिला ओट्याशी बोलायला सुचेना. केस सारखे कर, पदर नीट घे, यातच कुकर व्हायचा. भिंतीला कान लावला तरी मला काही ऐकू येईना. मासे पुन्हा सुरू झाले, रंजिताची कळी खुलली, पण शुक्रवारच्या भागात शर्मिला नुसती उभी. शर्मिलावहिनी आजारी आहेत का, असं लोक विचारायला लागले. पुढच्या शुक्रवारी भागच आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मैत्रीचे पुण्याहून फोन सुरू झाले. मला आतून बरं वाटलं, खोटं कशाला सांगू? आता अख्ख्या महाराष्ट्राने जरा माझ्यासारखं तिच्या बोलण्यावाचून राहून बघावं.

शेवटी अरविंदने मला लिफ्टपाशी गाठलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो माझ्याशी सलग बोलला. टेबल परत खिडकीकडे करावं म्हणतोय, गगनराव बंद पडतील नाहीतर, तुम्ही तिला समजवाल का? मी हो म्हटलं आणि संध्याकाळी फेऱ्या मारताना तिला सांगितलं. जरा जोर देऊनच सांगितलं.



"पडले बंद तर पडू देत," ती म्हणाली. "काल मी कांदा चिरत होते. वर बघितलं तर हे पेन्सिल खाली ठेवून बघत होते. काढत काही नव्हते. नुसतं बघत होते."

या वयात ती लाजली. मला तिथे एक क्षणही थांबवेना. गुडघा दुखतोय सांगून मी घरी आले.

माझा नवरा कृष्णात सोफ्यावर बसून मॅच बघत होता. मी जाऊन त्याच्यासमोर उभी राहिले. तो म्हणाला, "अगं बाजूला हो की, स्कोअर दिसंना." मी बाजूला झाले, सोफ्याची कड धरली आणि ओढून बघितली. आमच्याकडे सोफा भिंतीतच ठोकून बसवलेला आहे.