सिंधुताईंची चाळीस दिवसांची वडी

सिंधुताईंच्या साबणाला घाई खपत नसे. मोहाच्या बियांचं तेल, खोबरेल, कॉस्टिक सोडा. साच्यातून काढून वड्या कापल्या की चाळीस दिवस बाजेवर, सावलीत. एक दिवस कमी नाही. मग वडीवर बोट घासून जिभेला लावायचं. चुरचुरलं की म्हणायच्या, "कच्ची हाय. कातडी जाळते." रिसालीतल्या आम्ही शेजारणी हसायचो. साबण चाखून पाहणारी बाई अख्ख्या भिलाईत दुसरी नसेल.

हा उद्योग त्यांनी नवऱ्यासाठी सुरू केला होता. शेषरावभाऊ मूळचे भंडाऱ्याकडचे, तीस वर्षं स्टील प्लान्टच्या कोक ओव्हनवर, कोळशाच्या भट्ट्यांवर. निवृत्त झाले आणि किडन्यांनी जवाब दिला. डायलिसिस सुरू झालं, आणि अंगभर खाज. रक्त निघेपर्यंत खाजवायचे. मलमं झाली, बाजारचे साबण झाले. सिंधुताईंच्या साबणाने आंघोळ केली की मात्र दुपारपर्यंत शांत झोपायचे. तेवढीच झोप त्यांच्या वाट्याला होती.

दिवाळीआधी शेजारच्या हुडको वसाहतीत बचत गटाचा स्टॉल लागला. लोकांनी तोंडभरून कौतुक केलं आणि सिंधुताई आयुष्यात पहिल्यांदा हुरळल्या. होत्या नव्हत्या त्या सगळ्या वड्या देऊन बसल्या. घरात भाऊंची वापरातली एकच उरली. नवा घाणा दुसऱ्याच दिवशी घातला, पण तो पिकायला चाळीस दिवस.

मीही त्या स्टॉलवरून एक वडी आणली होती. वापरली नाही, कपाटात साड्यांच्या घडीत ठेवली. माझी मुलगी दामिनी नाताळच्या सुट्टीत पुण्याहून येणार होती. तिला तिकडच्या महागड्या वस्तूंचं भारी कौतुक. म्हटलं, बघू दे जरा रिसालीतली करामत.

पंचविसाव्या दिवशी सिंधुताई दारात आल्या. "रश्मी, तुह्याजवळ एखादी वडी उरली काय वं? घरची संपली. यायले झोप नाही. हुडकोत घरोघरी विचारून आली मी."

"नाही वो ताई. माझीही संपली."

किती सहज बोलले मी. वाटलं, पंधरा दिवसांत नव्या निघतीलच. खाज दुसऱ्याच्या अंगाला असली की पंधरा दिवस थोडेच वाटतात.

मग रोज भिंतीपलीकडून भाऊंचा आवाज यायचा, "दे ना वं कच्चीच. जळलं तं जळलं." आणि सिंधुताईंचा, "थोडेच दिवस राहिले. धीर धरा ना." माझं कपाट त्याच भिंतीला लागून आहे.

तेहतिसाव्या दिवशी सकाळी भाऊ गेले.

अंगणात न्हाऊ घालायची तयारी झाली. मुलगा पराग पाणी घेऊन उभा होता. सिंधुताई उठल्या, बाजेवरची एक वडी घेतली, बोट घासून जिभेला लावलं आणि ती परत ठेवली. "अजून कच्ची हाय."

"आता त्यायले काय जळनार हाय?" त्यांची जाऊ म्हणाली.

"साध्या पान्यानंच घाला," सिंधुताई म्हणाल्या.

मला पाहवेना. घरी धावले, साड्यांतून वडी काढली आणि त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी कागद उलगडला. कागदावर त्यांच्याच अक्षरात तारीख होती. बोट घासलं, जिभेला लावलं.

"ही पिकली हाय," एवढंच म्हणून त्यांनी ती परागला दिली. माझ्याकडे पाहिलं नाही. चारचौघांत चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं. मी तेवढ्याच लायकीची होते.

तेरवी आटोपल्यावर पराग माझ्या दारात आला. हातात नव्या घाण्यातली वडी होती, कागदात गुंडाळलेली, वर तारीख.

"आईनं पाठवली, मावशी," तो म्हणाला. "म्हणाली, ठेवून नका देऊ. वापरा."