कवडूची झडती

पोळ्याला बैल तोरणाखाली उभे राहिले की आमच्याकडे झडत्या रंगतात. एका गड्याने दोन-चार ओळी म्हणून दुसऱ्याची टोपी उडवायची, दुसऱ्याने तशीच परतफेड करायची. आर्वीजवळच्या त्या गावात हा मान कवडूचा. त्याने तोंड उघडले की भलेभले गप्प बसत.

पण चोपन्न सालच्या हिवाळ्यात कापसाचे गाठोडे उचलताना त्याच्या छातीवर कुणी जाते ठेवल्यासारखे झाले. डावा हात बधिर पडला. वर्ध्याच्या डॉक्टरांनी तपासून सांगितले, "हृदयाला रक्त कमी पोचतंय. जड उचलू नका. सपाटीवर रोज हळूहळू चाला. छाती आवळली की थांबा, ही गोळी जिभेखाली ठेवा. आणि अंथरूण मात्र धरू नका."

त्याची बायको मनकर्णाबाई हिने पहिले वाक्य तेवढे ऐकले. घरी येताच तिने अंगणात बाज टाकली आणि नवऱ्याला तिच्यावर बसवले. गाव भेटायला येई, उसासे टाकी आणि चहा पिऊन जाई.

खरे तर बायकोपेक्षा कवडूच जास्त भ्यायला होता. मोठ्याने बोललो तर आतले काहीतरी तुटेल असे त्याला वाटे, म्हणून तो कुजबुजू लागला. एकदा बैल सुटून शेजारच्या तुरीत शिरला. कवडूने बाजेवरूनच कुजबुजत हाक मारली. बैलाने कान हलवला आणि तूर खात राहिला. आपल्याच बैलाने आपल्याला ओळखू नये! कवडूच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो उठला, हळूहळू चालत गेला आणि बैलाला धरून घेऊन आला.

दुसऱ्या दिवसापासून बैल पाण्यावर न्यायचे काम त्याने स्वतःकडे घेतले. मनकर्णाबाई बडबडत मागे जाई. एके सकाळी नाल्याच्या चढावर छाती पुन्हा आवळली. कवडू थांबला, गोळी जिभेखाली ठेवली, बैलाच्या पाठीला टेकला आणि मेलोच म्हणून डोळे मिटले. जरा वेळाने कळ ओसरली. बैलाने कंटाळून त्याला ढुशी दिली. कळ येते तशी जातेही, हे कवडूला त्या चढावर कळले आणि निम्मी भीती तिथेच गळाली. परतताना त्याने बैलांना चांगली खणखणीत हाक मारली.

पोळा आला. "तोरनाखाली उभे राहा, पन झडती म्हनायची नाई," मनकर्णाबाईने बजावले. कवडूने मान डोलावली. समोरच्या रांगेतला भैय्याजी मात्र या दिवसाची वाटच पाहत होता. त्याने हात उडवत सुरुवात केली:

"बाजेवर बसला वाघ, त्याले चावली मुंगी,
डरकाळीची हवा गेली, वाजवा आता पुंगी!"

लोक हसले, पण अर्धवट. सगळ्यांच्या नजरा कवडूकडे वळल्या. पूर्वी तो चारही ओळी एका दमात ठोकायचा. तेवढा दम आता नव्हता. त्याने सावकाश श्वास घेतला.

"छातीत आली कळ, म्हून जरासा थांबलो..."

इथे तो खरोखरच थांबला. भैय्याजीचा चेहरा उतरला. तो दोन पावले पुढे आला, "कवडूभाऊ, बरं वाटून राह्यलं ना?"

"थांबलो म्हून काय गड्या, तिरडीवर लांबलो?"

हशा पिकला. कवडूने तो पुरता ओसरू दिला, तेवढाच दम खाल्ला.

"चालत आलो तोरनाखाली, पायात अजून जोर,
पुंगीवाल्या भैय्याजीले हसते त्याचंच ढोर!"

"हर बोला, हर हर महादेव!" गाव ओरडले. भैय्याजी वळून आपल्याच बैलाकडे बघत राहिला.

संध्याकाळी बैलांना पुरणपोळी भरवून कवडू ऐटीत पाय पसरून बसला. "पानी आन वं," तो म्हणाला.

मनकर्णाबाई चुलीपुढून कडाडली, "काऊन? गावभर बोंबलता येते, पाय मोडले काय तुमचे? घ्या ना उठून!"

सगळ्या आजारपणात तिने त्याला एकदाही असे झापले नव्हते. कवडू खूश होऊन उठला, घटाघटा पाणी प्यायला आणि तिच्यासाठीही एक गडवा भरून घेऊन गेला.