टँकर कोणी अडवला

शुक्रवारची मिस्सा संपली आणि दोह्यातल्या चर्चच्या आवारातून लूर्द गाडीकडे निघाली, तेवढ्यात ऑल्विनने तिला गाठलं. तो तिच्यासारखाच वसईचा, राहायलाही तिच्याच अबू हमूर भागात.

"लूर्दबाय, अभिनंदन. धाकटी बहीण गव्हर्नर होणार म्हणे."

"उभी राहिलीय. होणं लांब आहे अजून."

"आपल्याकडे राज्यपाल दिल्लीहून येतो. तिकडे अमेरिकेत लोक मतं देऊन निवडतात. म्हणजे मुख्यमंत्रीच की."

लूर्द हसली, गाडीत बसली आणि तिने दार जरा जोरातच ओढलं. दोह्यातल्या एका इस्पितळात तिने उमेदीची सगळी वर्षं काढली होती. शस्त्रक्रियेची अवजारं निर्जंतुक करणाऱ्या विभागाची ती प्रमुख होती. तिने पास केल्याशिवाय एकही ट्रे ऑपरेशनला जात नसे. पण त्यासाठी चर्चच्या आवारात कुणी तिला थांबवलं नव्हतं.

धाकटी फिलू लग्न होऊन अमेरिकेत गेली आणि शाळेच्या बसवरून भांडता भांडता एका लहान शहराची महापौर झाली. तेव्हा लूर्दने नवऱ्याला, हॅरीला ऐकवलं होतं, "शहर कसलं, आपल्या नालासोपाऱ्याचा एक कोपराही भरणार नाही." महापौरकी संपली तेव्हा लूर्दला वाटलं, चला, खलास. आणि आता ही बया अख्ख्या राज्याला उभी राहिली होती.

दुपारी जेवताना तान्याने मोबाइल आईपुढे धरला. "मम्मा, लुक. फिलू आंटी इज सो कूल."

पडद्यावर फिलू व्यासपीठावरून बोलत होती. भारतातल्या एका गावात ती वाढली, शहराला पाणी पुरवणारे टँकर त्या गावच्या विहिरी उपसून नेत, आणि एके सकाळी गावच्या बायकांना घेऊन ती टँकरच्या आडवी उभी राहिली. लोक टाळ्या वाजवत उठले.

लूर्दने हातातला घास ताटात परत ठेवला. टँकरच्या आडवी ती स्वतः उभी होती. एकोणिसाव्या वर्षी. ड्रायव्हरने गाडी इतकी जवळ आणली होती, की इंजिनाची धग तिच्या तोंडावर आली. तरी ती हलली नव्हती. मग मागच्या बायका पुढे सरसावल्या. तिच्या आयुष्यात कुणाला सांगावी अशी ती एकच सकाळ होती, आणि लेकीलाही तिने ती कधी सांगितली नव्हती.

"फिलूला तेव्हा गालगुंड झालं होतं," ती हॅरीला म्हणाली. "गळ्याला मफलर गुंडाळून घरात पडली होती ती."

"जाऊ दे ना. घरचीच आहे."

"तुझी वस्तू कुणी उचलली असती तर म्हणाला असतास का, घरचाच आहे म्हणून?"

त्याच आठवड्यात फिलूचा फोन आला. प्रचारासाठी थोरल्या बहिणीचे चार शब्द हवे होते, कॅमेऱ्यासमोर. लूर्दने शांतपणे ऐकून घेतलं.

"देते की. काय सांगू? तू मफलर गुंडाळून झोपली होतीस ते?"



"बाय, मी खिडकीत उभी होते," फिलू म्हणाली. "तुला बघत होते. सगळीकडे तेच सांगत आलेय. सांगता सांगता कधी रस्त्यावर उतरले, कळलंच नाही गं."

"मग आता परत खिडकीत जा."

फिलू गेली. पुढच्याच सभेत तिने सांगितलं, मी चुकीचं बोलले, टँकर माझ्या थोरल्या बहिणीने अडवला आणि मी आजारी मुलगी खिडकीतून बघत होते. सभेत टाळ्या थांबेनात. चूक कबूल करणारी उमेदवार म्हणून वर्तमानपत्रांनी तिला डोक्यावर घेतलं. तान्या आईच्या गळ्यात पडली. लूर्दचं नाव अमेरिकेत घेतलं गेलं, आणि मतं वाढली फिलूची. हिला खोटं बोलूनही मिळतं आणि खरं बोलूनही, या विचाराने लूर्दला आठवडाभर जेवण गोड लागलं नाही. व्हिडिओ तिने पाठवलाच नाही. ड्यूटी फार आहे, असं कळवलं.

निकाल लागला तेव्हा दोह्यात सकाळ होती. फिलू हरली, थोडक्यात. लूर्दने बातमी वाचली आणि तिच्या छातीवरचं ओझं उतरलं. ते उतरलेलं तिचं तिलाच कळलं. ती उगाच ओटा पुसत राहिली.

मग फोन वाजला. फिलू लहानपणी रडायची तशीच, नाक ओढत रडत होती.

"रड तू," लूर्द म्हणाली. "मी आहे. जेवलीस का काही? अख्खं राज्य फिरलीस एकटी, आपल्या घराण्यात कुणी केलंय का असं?" तिचा शब्दन् शब्द खरा होता. कित्येक महिन्यांत बहिणीबद्दल अशी माया तिला वाटली नव्हती. हरलेल्या फिलूला जीव लावायला तिला काहीच कष्ट पडत नव्हते. इस्पितळात जायला उशीर होत होता, तरी ती बोलत राहिली.

हळूहळू फिलूचं रडणं थांबलं. "तू बोललीस की धीर येतो बघ," ती म्हणाली. "सगळे म्हणतायत, चार वर्षांनी नक्की. पुन्हा उभी राहीन म्हणते."

लूर्दने गाडीची किल्ली उचलली, पुन्हा खाली ठेवली.

"बाय? आहेस ना?"

"आहे," लूर्द म्हणाली. आणि किल्ली पुन्हा उचलत, "राहा उभी."