मिश्रीची दहा मिनिटं

बायको पाच महिन्यांची गरोदर असताना मी तिची मिश्रीची डबी गटारात ओतली आणि स्वतःवर खूश होऊन शिरोलीला कामावर गेलो. आमच्या मंगळवार पेठेत भाजलेल्या तंबाखूची ही पूड पुष्कळ बायका दातांना लावतात. दुसऱ्या दिवशी शेजारणीकडून नवी आली. मग मी पोटातल्या बाळावर भाषण दिलं. माझ्या बोटांत सिगारेट होती, हे नंतर ध्यानात आलं. तेवढं बोलून दाखवायचंही त्राण तिच्यात नव्हतं.

तपासणीला मीही सोबत गेलो. बाळाची वाढ कमी दिसली. नर्सबाईंनी तिला विचारलं, "अगं, मिश्री सुटत का न्हाय?"

ती म्हणाली, "सोडायची हाय की. पण तोंडात मिश्री असली की बोलता येत न्हाय, म्हणून कोण हाक मारत न्हाय. तेवढीच धा मिनिटं बसायला मिळत्यात. न्हाईतर ह्यांचं हायच, मोजे कुठं, टॉवेल कुठं..."

मी घाईनं नर्सबाईंना विचारलं, "मग मी काय करू, बाई?"

"पावणं, सकाळचा अर्धा तास तुम्हीच तोंड बंद ठेवा की!"