पोह्यांवरचा कांदा
होमिओपॅथीवरचं माझं तीन महिन्यांचं संशोधन मी स्वतःच्या हातानं पोह्यांवर कांदा घालून बुडवलं. आज ठेल्यावर पोह्यांवर भुरभुरायच्या जिरावण मसाल्यातल्या हिंगाचा वास आला आणि ते सगळं आठवलं. गुडघेदुखीच्या वीस पेशंटना गोड गोळ्या देऊन मी थीसिस लिहीत होतो. अट एकच होती, कच्चा कांदा आणि हिंग बंद, नाहीतर त्या पेशंटची नोंद बाद. शेवटच्या तपासणीला सगळे स्नेहलतागंजच्या क्लिनिकमध्ये जमले, तेव्हा खुशीत मी तपासणीआधीच गरम पोहे मागवले आणि वर कांदा-जिरावण सढळ हातानं घातलं. डॉक्टरच वाढतोय म्हटल्यावर कोण विचारणार? प्लेटी साफ झाल्या. तेवढ्यात गाइड मॅडम आल्या आणि माझ्या हातातल्या कांद्याच्या वाटीकडे बघतच राहिल्या. एकोणीस नोंदी बाद, थीसिस पुन्हा पहिल्यापासून. फक्त एका निवृत्त शिक्षिका काकूंची प्लेट तशीच भरलेली होती. "तुमच्या लक्षात आलं होतं, तर बोलला का नाहीत?" मी रडवेल्या आवाजात विचारलं. काकू शांतपणे म्हणाल्या, "मला वाटलं, आमची परीक्षा घेताय, डॉक्टरसाहब. इतका बावळट डॉक्टर थोडीच असतो!"