सळई पास, नाडी नापास

नव्वदच्या दशकात आमच्या झोपाळ्याच्या सळया सातपूरच्या एका वेल्डरने बसवल्या. मी तेव्हा इंजिनिअरिंगला. कॅल्क्युलेटर घेऊन, एक सळई दोन टन पेलेल, असं मी जाहीर केलं.

"आसंल," तो म्हणाला, आणि घरोघरी करायचा तसा सळईच्या कडीला धरून, पाय उचलून लटकला. लटकल्या लटकल्या आईला नामपूरचा कांद्याचा भाव सांगू लागला. सळई जागची हलली नाही. त्याच्या पायजम्याची नाडी मात्र सुटली आणि पायजमा घोट्यांवर आला.

त्याने कडी सोडली नाही. "ताई, जरा तिकडं बघा. टेस्ट अजून संपली नाय."

आईने भिंतीकडे तोंड करून विचारलं, "आणि लाल कांदा?"

आजही झोपाळ्यावर बसताना मला सळईची काळजी वाटत नाही. नाडी तेवढी चाचपून घेतो.